पाटीवरच्या आठ ओळी

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी नमस्काराला आला. फराळाचे ताट पुढे केले, पण स्वारीचे लक्ष चकलीत नव्हते. "सर, माग रात्री बंद पडतो," एवढेच तो म्हणाला.

सोलापूरच्या घरात ही तक्रार नवी नव्हे! पण याचा माग निराळा. यंत्रमागावरील नक्षी सांभाळणाऱ्या इवल्याशा चिपसाठी तो आज्ञावली लिहितो. माग दोन दिवस उत्तम चालायचा आणि तिसऱ्या रात्री गप्प व्हायचा. कारण विचारले तर म्हणाला, "कॉलबॅक." मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर, म्हटले, "बाबा रे, शाळेच्या भाषेत सांग."

ते असे. हेडमास्तर शिपाईमामांना सांगतात, "तीन वाजले की सातवीला हाक मारा." आता हेडमास्तरांनी घड्याळाकडे पाहत बसायला नको, वेळ झाली की मामाच हाक मारतील. हाच कॉलबॅक. परंतु मामा दर निरोपासाठी कपाटातून नवा कागद फाडून घेऊ लागले, कधी मोठा, कधी छोटा, आणि काम होताच तुकडा परत ठेवू लागले, तर काय होईल? कपाटात कागद पुष्कळ, पण सारे कपटे! एक लांब निरोप आला की सलग कागदच मिळत नाही. मुलाचा माग नेमका तेथेच अडत होता.

त्याला मी आपल्याच गावचे जुने उदाहरण दिले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरी चादरीला नाव मिळवून दिले, आणि तिच्यावरची नक्षी उमटते ती जॅकार्डवर. फ्रान्समधील लिऑन शहरच्या जोसेफ जॅकार्डने हे यंत्र 1804 साली सिद्ध केले. पुठ्ठ्यात भोक असेल तेथला आकडा उचलला जातो, आणि त्याला बांधलेले उभे धागे वर येतात. आकडे किती, कोणत्या आकड्याला कोणता धागा, हे माग सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. धोटा धावत असताना कोणी नवा आकडा मागत नाही. याच भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी उचलली.

पुढे खरी गणकयंत्रे झाली, तीही गरिबीतच वाढली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या, आणि 1962 साली पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' असे नाव दिलेल्या यंत्राच्या स्मृतीत अवघे 2048 कप्पे होते. नवल असे की चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानाच्या यंत्रातही पुसून लिहिता येण्याजोगे कप्पे तितकेच, 2048! कायमच्या आज्ञा तर अमेरिकेतील कारखान्यात स्त्रियांनी अक्षरशः विणल्या होत्या: तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य.

त्या यंत्रात हॅल लॅनिंग या गणितज्ञाने एक प्रतीक्षायादी केली होती. अमुक वेळाने अमुक पत्त्यावरची आज्ञा चालवायची, एवढीच तिच्यात नोंद. आणि नोंदींच्या जागा मोजक्या, आधीच आखलेल्या. मोठ्या कामांसाठीही ठरावीक कप्पेच राखलेले. 1969 च्या जुलैत यान चंद्रावर उतरत असता एका रडारने यंत्राचा वेळ खाल्ला, कामे साचली, कप्पे भरले आणि 1202 क्रमांकाची घंटा वाजली. पण यंत्र गोंधळले नाही. जागा संपल्याचे त्याने स्पष्ट सांगितले, बिनमहत्त्वाची कामे टाकली, उतरण्याचे काम पुन्हा हाती घेतले. दोन माणसे सुखरूप उतरली.

मुलगा चकली हातात धरून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे मामांना पाटी द्यायची!" मी म्हटले, "हो. आठ तासांच्या आठ ओळी. प्रत्येक ओळीत वेळ, वर्ग आणि फळ्याचा क्रमांक. लांब निरोप ज्याचा त्याने आपल्या फळ्यावर लिहावा, आणि हाक येईपर्यंत तो पुसू नये." त्यावर तो पटकन म्हणाला, "आणि नववा निरोप आला तर?" खरा प्रश्न तो हाच होता. मी म्हटले, "मामांनी तोंडावर 'जागा नाही' म्हणावे, आणि कोणता निरोप मागे ठेवायचा हे तू आजच ठरवावे. रात्री दोन वाजता मागाला ठरवायला लावू नये."

संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन आला, सोबत मोराची एक चादर. माग महिनाभर अखंड चालला होता. घरी आई आता रात्री निवांत झोपते म्हणाला, कारण माग थांबला की मालकाचा फोन त्याच्या घरी यायचा.

ती चादर अंगावर घेताना मनात येते, माणसाचेही असेच नाही का? दिलेला शब्द वेळेवर पाळायचा, तर तो ठेवायला जागा आधी राखलेली हवी. माझ्या पाटीवर यंदा दोनच ओळी रिकाम्या आहेत. त्यांतली एक, वाचकहो, पुढच्या दिवाळीसाठी तुमच्या नावे आखून ठेवली आहे.