‘लोखंड’ : शब्द आणि भट्टी

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात कोंढा हे गाव आहे. तेथील लोहार आपल्या धातूस ‘लोखंड’ म्हणतो. हा शब्द ‘लोहखंड’ या समासापासून आला, हे सुविदितच आहे. ‘लोह’ म्हणजे मूळचा तांबूस धातू. वाजसनेयी संहितेत ‘श्याम’ आणि ‘लोह’ हे वेगळे धातू म्हणून येतात. लोखंडाकडे हे नाव पुढे आले. परंतु त्यास ‘खंड’ का जोडावा?

पवनी वैनगंगेच्या काठी आहे. वैनगंगेस कन्हान मिळते व कन्हानेस पेंच. या पेंचेच्या काठी, नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे, १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केले. तेथे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, वक्र विटांची एक लहान भट्टी, भात्याच्या मातीच्या नळ्या व धातुमळी सापडली.

अशा भट्टीत काय घडते, ते ऊष्मागतिकी सांगते. खनिजातील ऑक्सिजन धातूशी बांधलेला असतो. तापमान वाढते तसे हे बंधन शिथिल होते. उलट, कोळशाच्या कार्बनचा कार्बन मोनॉक्साइड वायू होण्याकडील कल वाढत जातो. या दोन प्रवृत्तींच्या रेषा एलिंगहॅम यांनी १९४४ साली एका आलेखात मांडल्या. लोखंडाच्या बाबतीत त्या सुमारे ७०० अंश सेल्सिअसला छेदतात. त्यापुढे कोळसा ऑक्सिजन हिरावून घेऊ शकतो. सुमारे १२०० अंशांस धातुमळी वितळून वाहते; शुद्ध लोखंडाचा रस मात्र १५३८ अंशांस होतो. म्हणून भात्याच्या भट्टीतून लोखंड रसरूपाने न येता सच्छिद्र गोळ्याच्या, म्हणजेच खंडाच्या, रूपाने येई. तो ठोकून मळी काढावी लागे.

‘खंड’ म्हणजे बाजारात विकला जाणारा तुकडा, असाही अर्थ संभवतो. म्हणून केवळ शब्दावरून निर्णय करणे धाडसाचे होईल. तथापि याच जिल्ह्यातील दुसरी साक्ष विचारार्ह आहे. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगॅनीजचे खनिज विपुल आहे. कार्बनने त्याचे ऑक्साइड मोडण्यास सुमारे १४०० अंश लागतात. जुन्या भट्टीस ते साधले नाही, आणि त्या धातूस मराठीत जुने नावही नाही. परभाषेतील ‘मँगॅनीज’ हेच आपण स्वीकारले.

धातूची नावे अभ्यासताना कोशाबरोबर भट्टीही पाहिली पाहिजे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.