एका डॉलरचं दार

१७ जुलै १९५५. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला, वर्षभरापूर्वीपर्यंत जिथे संत्र्यांच्या बागा होत्या तिथे, डिस्नीलँडचं उद्घाटन झालं आणि जवळजवळ फसलंच. नकली पास घेऊन माणसं आत शिरली. प्लंबरांच्या संपामुळे पाण्याचे कितीतरी नळ कोरडे राहिले. नुकतंच ओतलेलं डांबर उन्हानं मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या. हा सगळा सोहळा टीव्हीवर थेट दिसत होता. दुसऱ्या दिवशी सामान्य लोकांसाठी फाटक उघडलं. मोठ्यांना एक डॉलर, मुलांना त्याच्या निम्मे. या एका डॉलरबद्दल मला लिहायचं आहे, कारण या उद्यानाची पुढची सत्तर वर्षं त्याच्या तिकिटातून वाचता येतात.

मुळात वॉल्ट डिस्नीला हवी होती ती आईबाप आणि मुलं मिळून रमतील अशी जागा. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुली चक्रपाळण्यात बसलेल्या असताना बाकावर ताटकळत बसलेल्या या बापाला ती सुचली. बँका हात आखडत होत्या, तेव्हा एबीसी या टीव्ही कंपनीनं पैसे घातले आणि कर्जाला हमी दिली. बदल्यात डिस्नीनं तिला साप्ताहिक कार्यक्रम करून दिला. एकूण खर्च १ कोटी ७० लाख डॉलरवर गेला. इतकं कर्ज डोक्यावर असूनही प्रवेश एक डॉलर ठेवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या डॉलरमध्ये राइड मिळत नव्हत्या, त्यांचे पैसे वेगळे. पण आत जाऊन मेन स्ट्रीटवर फिरा, बँड ऐका, मिरवणूक बघा, बाकावर बसून नातवंडांकडे लक्ष ठेवा. याला कुणी आडकाठी करत नव्हतं.

प्रत्येक राइडपाशी सुटे पैसे मोजणं लोकांना जाचक वाटू लागलं, म्हणून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कूपनांची पुस्तिका आली. अडीच डॉलरात प्रवेश आणि आठ राइड. कूपनं ए, बी आणि सी अशी. पुढच्या वर्षी डी आलं. १९५९मध्ये मॅटरहॉर्नचा डोंगर, पाणबुडी आणि मोनोरेल सुरू झाल्यावर त्यांच्यासाठी सगळ्यात महागडं ई. मेन स्ट्रीटवरची घोड्यांची ट्राम ए कूपनावर मिळायची. ई कूपनं दुपारपर्यंत संपून जात आणि ए-बीची उरलेली पानं लोकांबरोबर घरी जात, पुढच्या खेपेसाठी ड्रॉवरमध्ये पडून राहत. या पुस्तिकेचा एक गुण सहसा कुणी बोलून दाखवत नाही. कोणत्या गोष्टीला किती पैसे पडतात, हे गिऱ्हाइकाला हातातच दिसत होतं. जितकं खेळाल तितकं भरा, एवढा सरळ हिशेब.

१९८२मध्ये तो संपला. टेक्सासमधल्या सिक्स फ्लॅग्जनं १९६१पासूनच एका तिकिटात सगळं द्यायला सुरुवात केली होती आणि लोकांच्या ते अंगवळणी पडलं होतं. डिस्नीलँडनंही कूपनं बंद करून १२ डॉलरचा एकच पास काढला. (सॅली राइड ही लॉस एंजेलिसची मुलगी १९८३मध्ये अंतराळात गेली, तेव्हा तिनं उड्डाणाच्या अनुभवाला ई तिकिटाचीच उपमा दिली. कूपन गेलं, पण माणसांच्या तोंडून गेलं नव्हतं.) दिवसभर राइड घेणाऱ्या पोरांची यात चंगळ झाली. मात्र नुसतं आत जाण्याचं स्वस्त तिकीट त्या दिवशी गेलं ते गेलंच. माझ्या मते या संस्थेच्या वाटचालीतला सगळ्यात मोठा बदल हाच, दरवाढ त्यानंतरची.

दरवाढ तर झालीच. १९८४मध्ये कंपनीचे प्रमुख म्हणून मायकेल आयस्नर आले आणि डिस्नीची उद्यानं बाजारभावापेक्षा स्वस्त आहेत, हे नव्या व्यवस्थापनानं ओळखलं. २००० साली तिकीट ४१ डॉलर, २०१०मध्ये ७६, २०१५मध्ये ९९. १९८२चे १२ डॉलर महागाई धरून २०२४मध्ये साधारण ३९ होतात. २०१६पासून तारखेप्रमाणे दर लागू झाले: शाळा चालू असतानाचा मंगळवार स्वस्त, नाताळचा आठवडा महाग. ऑक्टोबर २०२४च्या दरपत्रकात सगळ्यात गर्दीच्या दिवसाचं तिकीट २०६ डॉलर झालं. तळाचा १०४ डॉलरचा दर मात्र २०१९पासून हललेला नाही, याचं श्रेय कंपनीला द्यायला हवं. उद्यानही आता पूर्वीएवढंच राहिलेलं नाही, वाढलं आहे. २०१९ सालची स्टार वॉर्सची नगरी बघितली की पैसा कुठे गेला ते कळतं. जागा मर्यादित आणि येणारे अमाप, तेव्हा गर्दी पांगवायला दर वापरणं मला समजू शकतं.

समजत नाही ती रांगेची विक्री. १९९९मध्ये आलेला फास्टपास फुकट होता. सकाळी यंत्रातून चिठ्ठी काढायची, त्यावरच्या वेळेला परत यायचं. अब्जाधीश असो की शिक्षक, चिठ्ठी सारखीच. कोविडमध्ये उद्यान तेरा महिने बंद राहिलं. ते उघडल्यावर, डिसेंबर २०२१मध्ये, त्याच सोयीला २० डॉलर लागू झाले. आता सगळ्या मोठ्या राइडना एकेकदा केव्हाही थेट शिरायचा पास शेकडो डॉलरला मिळतो, तोही तिकिटाखेरीज. दोन रांगा जिथे एकत्र येतात तिथे एक कर्मचारी उभा असतो. पैसे भरलेल्यांचा घोळका आला की तो साध्या रांगेपुढे हात आडवा धरतो. बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर विचारतं, ते लोक आधी कसे गेले? आईबाप आणि मुलं मिळून रमण्यासाठी काढलेल्या जागेत हा प्रश्न पोराच्या तोंडी यावा, हे मला सलतं.

मुलांच्या तिकिटाचंही तेच. १९५५ला ते मोठ्यांच्या निम्मं होतं; आता तीन ते नऊ वर्षांच्या मुलाला जेमतेम पाच-सहा टक्के सूट मिळते. मधूनमधून ठरावीक दिवसांसाठी मुलांचं ५० डॉलरचं सवलतीचं तिकीट निघतं, पण ते कायमचं नसतं.

आणि आपल्याकडचे आजी-आजोबा. पुण्याहून, नाशिकहून मुलाकडे कॅलिफोर्नियात आले की डिस्नीलँडची फेरी ठरलेलीच. गुडघ्यांमुळे आजींना मॅटरहॉर्न झेपत नाही, आजोबांना डॉक्टरांनी झटक्यांची मनाई केलेली असते. दोघं वाफेच्या गाडीतून एक चक्कर मारतात, ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या होडीत बसतात आणि संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी फुटपाथच्या कडेला आधीपासून जागा धरतात. त्यासाठी दोघांचं पूर्ण तिकीट, रुपयांत मोजलं तर सतरा-अठरा हजारांपासून पुढे. १९५५चा डॉलर म्हणजे २०२४चे बारा डॉलरही नाहीत. तेवढ्यात राइडविना प्रवेश, निदान कमी गर्दीच्या तारखांना आणि साठी उलटलेल्यांसाठी, कंपनीला आजही परत सुरू करता येईल. खाण्यापिण्याचे, खेळण्यांचे पैसे ही माणसं तसेही आत मोजतातच. फाटकाबाहेरच्या डाउनटाउन डिस्नीत २००१पासून फुकट हिंडता येतं, पण तिथे आहेत ती दुकानं आणि हॉटेलं. आजींना बघायची असते ती मिरवणूक, आणि ती आत निघते.