घाटातली पटकी

चौकातून खोपोलीच्या वाटेला लागले की समोर बोरघाट उभा राहतो. आमची आजी फारच चिडली तर ‘तुला पटकी येवो’ म्हणे. त्या शापाचे वजन मला घाटातल्या लोहमार्गाचा इतिहास वाचताना कळले.

1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. 1858 मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट प्रवासी पालखीतून चढत. तो जोडण्यासाठी पळसदरीपासून सुमारे 16 मैलांचा चढ आणि 25 बोगदे कोरायचे होते. पावसाळ्यात उघड्यावरचे काम थांबे, मजूर पांगत आणि पाऊस सरला की पुन्हा झोपड्या उठत. 1861 च्या आरंभी इथे 42 हजारांवर माणसे राबत होती.

इतक्या माणसांना पाणी कुठले? ओढे, झरे, डबकी. त्याच काठी वस्ती, त्याच काठी शौच. 1859-60 मध्ये पटकी शिरली तेव्हा मजूर काम टाकून पळाले. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण दूषित पाण्यापासून दूर जाणे हाच त्या वेळी त्यांच्या हातातला खरा उपाय होता. कॉलरा पाण्यातून पसरतो असे लंडनच्या जॉन स्नोने मांडले होते, परंतु ते सर्वमान्य नव्हते. कॉखने कलकत्त्यात जंतू ओळखला तो 1884 मध्ये.

याच काळात मुंबईत काय चालले होते? 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. ते मुख्यतः टंचाईपोटी आणले होते, तरी त्याने अनेकांची गढूळ विहिरींपासून सुटका केली. 1865 च्या कायद्याने पालिकेला आयुक्त मिळाला, आरोग्य अधिकारीही मिळाला. शहराला करदाते होते, वर्तमानपत्रे होती. रोगराईने व्यापार बसे. घाटातल्या मजुराच्या जागी मात्र दुसरा मजूर मिळे. दोन्हीकडे रोग एकच होता. फरक पडला तो माणसाच्या किमतीत.

21 एप्रिल 1863 रोजी घाट खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि पत्नी अ‍ॅलिसने ते कंत्राट पुरे करवले, हे ग्रंथांत आढळते. मजुरांच्या मृत्यूंचा आकडा पंचवीस हजारांच्या घरात सांगितला जातो. पण मी वाचलेल्या पानांत त्यांतले एकही नाव नाही.

आता गाडी बोगद्यात शिरली की मुले हौसेने ओरडतात. मला आजीचा शाप आठवतो आणि मी गप्प बसतो.