विरघळणाऱ्या गोळ्या : वेष्टनाबाहेरचा टिकाऊपणा (पुणे)

पाण्यात टाकताच फुटणाऱ्या किंवा जिभेवर विरणाऱ्या गोळ्या मूळ पाकिटातून काढून कागदी पुडीत किंवा वारांच्या कप्प्यांच्या डबीत भरल्या, की हवेतला ओलावा त्यांना लागतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. जुलै-ऑगस्टच्या सकाळी ती ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे उन्हाळ्यात खपून गेलेली सवय पावसाळ्यात अंगाशी येते.

कारण गोळीच्या घडणीतच आहे. भारतीय औषधकोशानुसार डिस्पर्सिबल गोळी पाण्यात ३ मिनिटांत फुटली पाहिजे. त्यासाठी तिच्यात क्रॉसकार्मेलोज सोडियमसारखे पाणी शोषून फुगणारे घटक घालतात. दमट हवेत ते आधीच थोडे थोडे फुगतात. गोळी मऊ पडते, तिच्या कडा झडतात आणि पाण्यात टाकल्यावर ती सावकाश फुटते. फसफसणाऱ्या गोळीचे हाल अधिक : सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा यांच्या अभिक्रियेतून पाणीच तयार होते व ते पुढची अभिक्रिया चालू ठेवते. ॲस्पिरिनचे ओलाव्याने सॅलिसिलिक व ॲसिटिक आम्लात विघटन होते. डबी उघडताच येणारा व्हिनेगरचा वास ही त्याची खूण. अनेक औषधे मात्र अशी खूण देत नाहीत, आणि खरा धोका तिथेच आहे.

पीव्हीसीच्या पाकिटातून थोडी वाफ आत शिरते, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पाकिटातून जवळजवळ नाही. अमॉक्सिसिलीनसोबत दिले जाणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ओलाव्याने झपाट्याने निकामी होते, म्हणून त्याला असे वेष्टन लागते. दुकानदाराने पट्टी कापून चार गोळ्या दिल्या तरी कप्पे अभंग असतील तर ओल लागत नाही. फक्त मुदतीची तारीख दुकानात उरलेल्या तुकड्यावर राहू शकते. ही तारीख वेष्टनासह केलेल्या चाचण्यांवरून ठरते. गोळी बाहेर काढली की ती तारीख तिला लागू राहत नाही, हे रुग्णाला दवाखान्यात पुडी हातात देतानाच सांगायला हवे. विक्रीसाठी औषधे पुन्हा पॅक करायला वेगळा परवाना लागतो, तोही याच काळजीपोटी.

जुलाबात २ ते ६ महिन्यांच्या बाळाला २० मिलिग्रॅम झिंकची अर्धी गोळी रोज, १४ दिवस देतात. झिंकचा क्षार टिकतो, पण उघडी अर्धी गोळी ओल धरून भुगा होते आणि भुगा सांडला की मात्रा चुकते. उरलेली अर्धी गोळी घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवून दुसऱ्याच दिवशी द्यावी. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण थंड डबी उघडताच दमट हवेतले पाणी गोळीवर साचते.