अडगावच्या शिपायाचा रंग

अडगावच्या लढाईतला एक शिपाई दीड वर्ष माझ्या टेबलावर कोऱ्या डोळ्यांनी बसून होता. एपॉक्सी पुट्टीत मीच घडवलेला, वीतभर उंचीचा अर्धपुतळा. पागोटे, पट्टा, अंगरखा रंगवून झाले होते. हात अडला तो चेहऱ्यावर. हा माणूस नेमका कुठला, हे ठरल्याशिवाय कातडीला रंग कुठला द्यायचा?

अडगाव आज अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे नागपूरकर रघूजी भोसले यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांची फौज, सोबत शिंद्यांचे घोडदळ, आर्थर वेलस्लीसमोर उभी राहिली. तोफा सुरू होताच वेलस्लीच्या तीन देशी पलटणी मागे पळाल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईला याच पलटणी धीराने लढल्या होत्या. त्याने स्वतः जाऊन त्या परत फिरवल्या. पुढे ७४ आणि ७८ क्रमांकाच्या स्कॉटिश पलटणींवर भोसल्यांच्या पायदळाचा एक जमाव तुटून पडला आणि साराच्या सारा कापला गेला. माझा शिपाई त्या जमावातला.

दुसऱ्या दिवशीच्या खलित्यात वेलस्लीने हाती लागलेल्या ३८ तोफा मोजून लिहिल्या आहेत. या माणसांची ओळख मात्र ‘इराणी असावेत’ एवढ्या अर्थाच्या तर्कावर उरकली. पुढच्या इतिहासकारांनी त्यांना अरब म्हटले. मलाही ते अधिक पटते, कारण नागपूरकरांच्या चाकरीत अरब होते. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत ते ठळकपणे दिसतात. पण अरब म्हटले तरी रंग ठरत नाही. दख्खनच्या फौजांत अरबस्तानातून आलेले होते, तसेच अरब बापाच्या आणि इथल्या आईच्या पोटचेही होते. हैदराबादेत त्यांना मुवल्लद म्हणत. असा शिपाई आमच्या वऱ्हाडातल्या कुठल्याही बाजारात सहज मिसळून गेला असता.

रंगाच्या बाटल्यांचा इथे उपयोग नाही. ‘फ्लेश’ असे छापलेला रंग बहुधा गुलाबी असतो, त्या स्कॉटिश शिपायाला शोभेल असा. सावळ्या कातडीची रीतच वेगळी. सावलीत काळा घातला की चेहरा मळका दिसतो. तिथे बर्न्ट अंबरमध्ये थोडा तांबडा लागतो. उजेडाच्या जागी पांढरा घातला तर कातडीवर राख फासल्यासारखी होते, म्हणून कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचे हाड यलो ऑकरने उजळायचे. डोळ्यांखाली किंचित जांभळट छटा, दाढीच्या कडेला निळसर करडी. थर इतके पातळ हवेत की खालचा रंग वरून दिसत राहावा.

डोळे आखायला मी शिकलो ते अमरावतीत. तिथले महालक्ष्मीचे मुखवटे महाराष्ट्रभर जातात. तिथल्या एका कारागिराशेजारी बसून मी पापणीची रेघ एका श्वासात ओढायला शिकलो. तेच डोळे शिपायाला काढले आणि घरात हसू आवरेना: मिशीवाली महालक्ष्मी! चूक माझीच. देवीचे बुबुळ पूर्ण दिसते, कारण तिने समोरच्या प्रत्येकाकडे पाहायचे असते. माणसाच्या बुबुळाची वरची कड पापणीखाली झाकलेली असते. ती उघडी पडली की चेहरा दचकलेला दिसतो. शिवाय डोळ्याचा पांढरा भाग खरा पांढरा नसतो, हस्तिदंती असतो. गर्द तपकिरी बुबुळात काळी बाहुली हरवते, म्हणून बुबुळाचा खालचा भाग जरा फिकट ठेवावा लागतो. शेवटी दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला उजेडाचा ठिपका.

वेलस्ली रंगवायचा असता तर ही यातायात नव्हती. १८०४ साली रॉबर्ट होमने त्याचे तैलचित्र केले. नाकाच्या धारेपर्यंत सगळे त्यात आहे. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांनाही जेम्स वेल्ससारखा चित्रकार भेटला. पायदळातल्या शिपायाला समोर बसवून कोण चितारणार?

अडगावनंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, तो निजामाकडे.

मी अखेर शिपायाला गव्हाळीपेक्षा थोडा गडद केला. डोळे अर्धवट मिटलेले, उन्हाकडे पाहणारे. बैठकीच्या तळाशी रंगांचे प्रमाण लिहून ठेवले आहे, आणि त्याखाली पेन्सिलने: ‘अरब असावा’.