आकडा खरा कशावरून? भट्टी, ओव्हन आणि प्रामाण्य

प्रमाणविचाराला आज आपण स्वयंपाकघरातून सुरुवात करू.

आम्ही वाशीत राहतो. गेल्या दिवाळीत आमच्या ओव्हनमध्ये नानखटाईचे तीन घाणे बिघडले. वरून पांढुरकी, आतून कच्ची. ओव्हनवर आकडा मात्र ठळक, १८० अंश. आम्ही पत्नीला म्हणालो, "अगं, तूप जास्त झालं असेल." ती म्हणाली, "चाळीस वर्षांत नाही झालं ते! आत आचच नाहीये." आम्ही आकड्याकडे बोट दाखवलं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने एवढं तरी करू नये.

आता थोडं मागे जाऊ. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा दिवाळीत किंवा मे महिन्यात आपल्याकडे रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे आणि नानखटाई भाजून आणायचे. भट्टीला आकडा नव्हता. भट्टीवाला तोंडाशी हात धरून आच ओळखायचा. त्याचं ज्ञान हातात होतं, ते दुसऱ्याला देता येत नव्हतं. ते देता यावं म्हणून माणसाने आकडा शोधला.

इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड या कुंभाराने १७८२ मध्ये भट्टीचं तापमान मोजायला मातीच्या छोट्या वड्या वापरल्या. वडी जितकी आकसेल तितकी भट्टी तापलेली. कल्पना उत्तम होती, पण त्याच्या मोजपट्टीने काढलेली तापमानं प्रत्यक्षापेक्षा फारच जास्त निघाली. १८७१ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी रॉयल सोसायटीपुढे दुसरा मार्ग मांडला. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो, तेव्हा प्लॅटिनमच्या तारेचा रोध मोजा आणि तापमान काढा. पुढे तपासणीत दिसलं की भट्टीत तापवून काढल्यावर त्या तारेचा रोध मूळ जागी परत येत नाही. उपकरणच बदलत होतं! १८८७ मध्ये ह्यू कॅलेंडर यांनी दाखवून दिलं की तार शुद्ध ठेवली, तिच्यावर ताण येऊ दिला नाही, तर प्लॅटिनम भरवशाचं आहे. १९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत त्याला अधिकृत स्थान मिळालं.

म्हणजे तापमापकाचा इतिहास हा तापमापकावर घेतलेल्या शंकांचा इतिहास आहे. आमच्या ओव्हनमधला सेन्सर त्याच घराण्यातला. मागच्या भिंतीवर पेन्सिलीएवढी धातूची नळी, आत प्लॅटिनम. शून्य अंशाला रोध १००० ओहम, शंभर अंशाला १३८५.

चौथा घाणा करण्याआधी आम्ही ओव्हनचा एमसीबी बंद केला, ओव्हन पूर्ण थंड होऊ दिला, सेन्सरचा जोड सोडवला आणि दोन टोकांना मल्टिमीटर लावला. खोलीत तीस अंश होते, म्हणजे साधारण १११७ ओहम यायला हवे होते. आले १२३०. थंड ओव्हनला तो साठेक अंश समजत होता. नळीला तारा जिथे जोडल्या होत्या तिथे गंज चढला होता. खाडीकाठच्या दमट हवेत हे नवल नाही. गंजाने वाढवलेले हे ११३ ओहम तापल्यावरही तसेच राहिले, तर आकडा १८० दाखवील तेव्हा आत जेमतेम दीडशे अंश असतात. पत्नीचा हात बरोबर होता.

मीमांसकांचं म्हणणं असं की ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. त्याला बाधक ज्ञान आडवं आलं, किंवा ज्या साधनाने ते झालं त्यात दोष सापडला, तरच ते सोडायचं. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरतं. दिसलेलं पाणी खरं की मृगजळ, हे तहान भागते का यावरून कळतं. आम्ही दोन्ही बाजूंनी चुकलो. कच्ची नानखटाई हे बाधक ज्ञान तीनदा समोर आलं, तरी साधनातला दोष न शोधता आम्ही माणसात शोधला. यंत्राला आपण साक्षीदार मानतो, पण त्याची उलटतपासणी करत नाही.

नवा सेन्सर आणताना एक पथ्य पाळा. शून्य अंशाला ५०० ओहमचे सेन्सरही मिळतात, ते १००० च्या जागी चालत नाहीत. एक-दोन स्क्रू, एक जोड, एवढंच काम. जोड नीट करता येत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. बसवल्यावर मात्र आम्ही आकड्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. आत वेगळा ओव्हन थर्मामीटर टांगून अर्धा तास पाहिलं. मग पत्नीला म्हटलं, "तूही एकदा हात धरून बघ."

तिने दार उघडून आच पाहिली, मान हलवली आणि चौथा घाणा आत सरकवला. क्षमा मागायची राहिली होती, ती आम्ही तेव्हा मागितली.

पुढच्या वेळी शब्दप्रमाणाकडे वळू.