‘ड्रॅगनेट’मधील नाताळकथा आणि लॉस एंजलिसचे पोलीस खाते

कल्पित करमणुकीस इतिहासाचे साधन मानावे की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शासकीय दप्तर, न्यायालयीन निवाडे व वृत्तपत्रे यांना जे प्रामाण्य दिले जाते ते नभोनाट्यास अथवा दूरचित्रवाणीवरील कथेस सहसा दिले जात नाही. घडलेल्या घटनेची साक्ष कल्पितकथेकडून घेऊ नये, हे तत्त्व योग्यच होय. तथापि एका वेगळ्या बाबतीत अशा कथेची साक्ष दप्तराहूनही स्पष्ट असते. एखाद्या संस्थेला लोकांच्या दृष्टीस आपण कसे पडावे असे वाटत होते, हे दप्तर क्वचितच सांगते. कथा मात्र ते सहज सांगून जाते. या दृष्टीने अमेरिकेतील ‘ड्रॅगनेट’ या पोलीसकथामालेचा २४ डिसेंबर १९५३ रोजी प्रक्षेपित झालेला ‘द बिग लिटल जीझस’ हा भाग विचारात घेण्याजोगा आहे. तो केवळ भावविवश म्हणून बाजूस सारला जातो. परंतु त्याची भावविवशताच येथे इतिहासाचा विषय आहे.

१. कथामालेची पार्श्वभूमी

‘ड्रॅगनेट’चा प्रारंभ ३ जून १९४९ रोजी एन्‌बीसी या संस्थेच्या नभोवाणीवर झाला. तिचा निर्माता, दिग्दर्शक व प्रमुख नट जॅक वेब हा होता. १९४८ सालच्या ‘ही वॉक्ड बाय नाइट’ या चित्रपटात काम करीत असता त्याचा लॉस एंजलिस पोलीस खात्यातील सार्जंट मार्टी विन यांच्याशी परिचय झाला आणि त्यातून या मालेची कल्पना निघाली. डिसेंबर १९५१ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली आणि १९५३-५४ च्या हंगामात लोकप्रियतेच्या क्रमवारीत देशात दुसऱ्या स्थानी पोहोचली.

ज्या महिन्यात ही माला नभोवाणीवर सुरू झाली त्याच महिन्यात शहराचे पोलीसप्रमुख हॉरल यांना वेश्याव्यवसायास खात्यातून मिळणाऱ्या संरक्षणाच्या प्रकरणावरून पद सोडावे लागले. खात्याची प्रतिष्ठा इतकी ढासळली असता १९५० मध्ये विल्यम पार्कर पोलीसप्रमुख झाले. लाचलुचपतीचे उच्चाटन, कडक शिस्त आणि राजकीय हस्तक्षेपापासून मुक्तता ही त्यांच्या कारभाराची त्रिसूत्री होती. पार्कर यांच्या खात्याने वेब यास प्रत्यक्ष प्रकरणांची माहिती, तांत्रिक सल्ला व साधनसामग्री पुरविली. संहिता खात्याकडून तपासून घेतल्या जात. प्रत्येक भागाच्या आरंभी कथा सत्य असून निरपराध व्यक्तींच्या रक्षणार्थ केवळ नावे बदलली आहेत, अशी ग्वाही दिली जाई. वेबने पुढे १९५८ मध्ये ‘द बॅज’ हा ग्रंथ लिहून पार्कर यांचा गौरव केला. हे सहकार्य उभयपक्षी लाभाचे होते. एकास विश्वसनीयता मिळाली, दुसऱ्यास प्रतिष्ठा.

२. कथेचे स्वरूप

नाताळासाठी वेगळ्या धाटणीची कथा देण्याची प्रथा या मालेत नभोवाणीच्या काळापासूनच होती. १९४९ च्या नाताळातील कथेत भेटीदाखल आलेल्या बंदुकीने एक बालक अपघाताने मरण पावते आणि मृत मुलाचा पिता आपल्या मुलासाठी आणलेल्या भेटी, त्या अपघातात सोबत असलेल्या त्याच्या मित्रास नेऊन देतो. १९५३ च्या कथेत मृत्यू नाही. आहे ती एका मूर्तीची चोरी.

नाताळाच्या आदल्या दिवशी जुन्या प्लाझा चर्चचे धर्मगुरू फादर रोहास पोलीस ठाण्यात येतात. गव्हाणीच्या देखाव्यातील बाळ येशूची मूर्ती नाहीशी झालेली असते. मूर्तीचे मोल फार नाही. परंतु या गरीब वस्तीतील अनेकांनी लहानपणापासून तोच एक बाळ येशू पाहिलेला असल्याने दुसरी मूर्ती आणून भागणार नसते. सार्जंट जो फ्रायडे व त्याचा सहकारी फ्रँक स्मिथ शोधास निघतात. पूजासाहित्याच्या दुकानात विचारपूस होते. चर्चमध्ये सेवा करणाऱ्या एका मुलाच्या सांगण्यावरून पूर्वी शिक्षा भोगलेल्या एका इसमास ठाण्यात आणले जाते. तो भेदरून एका किरकोळ मोटार-अपघाताची कबुली देतो, मूर्तीचा मात्र पत्ता लागत नाही. अखेर दोघे हात हलवीत चर्चमध्ये परततात. तोच पाकीतो मेंडोझा नावाचा एक लहान मुलगा छोटी लाल गाडी ओढीत आत येतो. गाडीत बाळ येशू असतो. गाडी मिळावी म्हणून मुलाने प्रार्थना केली होती आणि ती मिळाल्यास पहिला फेरा बाळ येशूला घडवीन असा नवस बोलला होता. गाडी मिळाली ती शहराच्या अग्निशामक दलाकडून. दलाचे जवान जुनी खेळणी दुरुस्त करून गरीब मुलांना वाटीत असत. मुलाचे कुटुंब गरीब आहे असे धर्मगुरू सांगतात, तेव्हा त्यांना खरोखर गरीब म्हणावे काय, असा प्रश्न फ्रायडे करतो आणि कथा संपते.

अमेरिकी शासनाने रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीस १७ डिसेंबर १९५३ रोजी मान्यता दिली होती. त्यानंतर आठवडाभरातच हा भाग रंगीत दाखविला गेला, यावरून त्यास दिलेल्या महत्त्वाची कल्पना येते.

३. दोन वर्षांपूर्वीचा नाताळ

या कथेतील प्रार्थनास्थळ काल्पनिक नव्हे. लॉस एंजलिसची वसाहत १७८१ मध्ये स्थापन झाली व प्लाझावरील चर्चचा समर्पणविधी १८२२ मध्ये झाला. शहरातील मेक्सिकन समाजाचे ते धार्मिक केंद्र राहिले. याच प्लाझास २६ फेब्रुवारी १९३१ रोजी परदेशी-नियंत्रण खात्याच्या अधिकाऱ्यांनी पोलिसांच्या साह्याने वेढा दिला होता आणि सुमारे ४०० लोकांस अडवून त्यांच्याकडे कागदपत्रे मागितली होती. चर्च आणि पोलीस यांच्या संबंधास असा पूर्वेतिहास होता.

याहून निकटचा प्रसंग २५ डिसेंबर १९५१ चा होय. आदल्या रात्री एका मद्यगृहाबाहेर पोलिसांशी झालेल्या झटापटीनंतर सात तरुणांना अटक झाली; त्यांपैकी पाच मेक्सिकन वंशाचे होते. त्या वेळी मध्यवर्ती ठाण्यात पोलिसांचा नाताळचा मेजवानीसमारंभ चालू होता. जखमी पोलिसाचा डोळा गेल्याची खोटी वार्ता तेथे पसरली आणि मद्य प्यालेल्या पोलिसांच्या जमावाने कोठडीतील तरुणांना दीड तासाहून अधिक काळ मारहाण केली. हा प्रसंग पुढे ‘ब्लडी ख्रिसमस’ या नावाने ओळखला गेला. मार्च १९५२ मध्ये याच तरुणांपैकी काहींवर खटला चालला असता न्यायाधीशांनी पोलिसांवर कठोर ताशेरे ओढले व चौकशीची मागणी केली. महापरिषद-सदस्य एडवर्ड रॉयबल व मेक्सिकन-अमेरिकन संघटना यांनी प्रकरण लावून धरले. शेवटी आठ पोलिसांवर आरोपपत्र ठेवण्यात आले. पाच दोषी ठरले, त्यांपैकी एकासच वर्षाहून अधिक शिक्षा झाली. खात्याने ५४ जणांच्या बदल्या केल्या व ३९ जणांना निलंबित केले.

इतिहासकार एडवर्ड एस्कोबार यांनी २००३ साली या प्रकरणाचे विवेचन करताना एका विसंगतीकडे लक्ष वेधले. पोलिसांच्या व्यावसायिकतेचे जे तत्त्व भ्रष्टाचार नाहीसा करण्यासाठी स्वीकारले गेले, त्याच तत्त्वाच्या आधारे खात्याने बाहेरच्या कोणासही आपली चौकशी करू देण्याचे नाकारले. स्वायत्तता ही सुधारणेची अट होती. तीच उत्तरदायित्वातून सुटण्याची वाट ठरली.

४. कथा आणि वस्तुस्थिती

‘द बिग लिटल जीझस’ हे ‘ब्लडी ख्रिसमस’ला दिलेले हेतुपुरस्सर उत्तर होते, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. कालसान्निध्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. परंतु शहर तेच, खाते तेच, समाज तोच आणि सणही तोच असता दोन वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहणे अभ्यासकास प्राप्तच आहे. त्यांतून तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट ही की, या कथेत अपराधीच नाही. जी चोरी वाटली ती भक्ती निघते. एरवी पद्धतशीर तपासाचे माहात्म्य सांगणारी ही माला येथे तपासास अपयशी ठरविते. मूर्ती पोलिसांमुळे नव्हे, आपोआप परत येते. पोलिसांच्या वाट्यास येते ते केवळ साक्षीदाराचे काम. मेक्सिकन वस्तीतील पोलीस हा बळाचा वाहक नसून श्रद्धेचा आदरशील प्रेक्षक आहे, असा बोध त्यातून प्रेक्षकाच्या मनात उतरतो. १९५१ च्या कोठडीत नेमके याच्या उलट घडले होते.

दुसरी गोष्ट संशयिताविषयीची. एका मुलाने गाठोडे घेऊन जाताना पाहिले, एवढ्या आधारावर पूर्वी शिक्षा झालेल्या इसमास ठाण्यात आणले जाते आणि न विचारलेल्या गोष्टीची कबुली त्याच्या तोंडून बाहेर पडते. कथेच्या दृष्टीने हा हलकाफुलका प्रसंग आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो कथेतील सर्वांत प्रामाणिक प्रसंग होय. कारण लेखकास जे इतके स्वाभाविक वाटले की त्याचे समर्थन करण्याची गरजही भासली नाही, तेच त्या काळच्या व्यवहाराचे विश्वसनीय चित्र असते. १९५५ च्या काहान निकालाने कॅलिफोर्नियात बेकायदा मिळविलेला पुरावा अग्राह्य ठरला आणि १९६६ च्या मिरांडा निकालाने संशयितास त्याचे हक्क सांगणे बंधनकारक झाले. पार्कर यांचा पहिल्या निकालास कडवा विरोध होता.

तिसरी गोष्ट गरिबीची. फ्रायडेचा अखेरचा प्रश्न हृदयस्पर्शी आहे. परंतु त्यामुळे सामाजिक प्रश्नाचे रूपांतर आत्मिक प्रश्नात होते. श्रद्धा हीच संपत्ती असेल, तर गरिबीची जबाबदारी कोणावरच राहत नाही. त्याच सुमारास प्लाझापासून जवळच असलेल्या चावेझ रव्हीन या वस्तीतील मेक्सिकन कुटुंबांना सार्वजनिक गृहयोजनेसाठी घरे सोडावी लागत होती. पुढे ती योजना रद्द झाली, शेवटची कुटुंबे मे १९५९ मध्ये बळाने हलविली गेली आणि १९६२ मध्ये त्या भूमीवर बेसबॉलचे क्रीडागार उभे राहिले. पाकीतोला शहराने गाडी दिली. त्याच्यासारख्या कित्येकांचे घर मात्र काढून घेतले.

५. पुनरावृत्ती

पहिली दूरचित्रवाणीमाला १९५९ मध्ये संपली. १९६७ मध्ये ती नव्याने सुरू झाली, तेव्हा २१ डिसेंबर रोजी हीच नाताळकथा ‘द ख्रिसमस स्टोरी’ या नावाने पुन्हा सादर झाली. फ्रायडेचा सहकारी आता हॅरी मॉर्गन याने रंगविलेला बिल गॅनन होता. फादर रोहास यांची भूमिका मात्र दोन्ही वेळा हॅरी बार्टेल यानेच केली. कथा तीच, मूर्ती तीच, लाल गाडी तीच.

दरम्यान काळ पालटला होता. १९६० मध्ये नागरी हक्क आयोगापुढे साक्ष देताना पार्कर यांनी शहरातील काही मेक्सिकन लोकांचा संबंध मेक्सिकोतील रानटी जमातींशी जोडला आणि रॉयबल यांनी त्याबद्दल क्षमायाचनेची मागणी केली. ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत उसळलेल्या दंग्यात ३४ माणसे मृत्युमुखी पडली. १९६६ मध्ये पार्कर निधन पावले. अशा वेळी चौदा वर्षांपूर्वीची कथा जशीच्या तशी सादर होणे हेच अर्थपूर्ण आहे. पहिल्या प्रयोगाच्या वेळी ती एका संस्थेची आकांक्षा होती. दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी ती त्या संस्थेची स्मृतिविव्हलता झाली होती.

याचा अर्थ कथा असत्य होती असा नव्हे. गरिबाघरच्या मुलाची श्रद्धा, धर्मगुरूची कळकळ आणि सणाच्या दिवशीही कामावर असलेल्या पोलिसाचा एकाकीपणा, हे सर्व खरे असू शकते आणि कथेचा जिव्हाळा त्यातूनच येतो. आक्षेप असेल तर तो आरंभीच्या ग्वाहीस आहे. ‘ही कथा सत्य आहे’ असे सांगणाऱ्याने कोणते सत्य निवडले आणि कोणते सोडले, हे विचारणे इतिहासाचे काम होय. १९५१ च्या नाताळातील सात तरुणांची हकीकत ‘ड्रॅगनेट’ने कधीच सांगितली नाही. ती पुढे जेम्स एलरॉय यांच्या १९९० सालच्या ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ या कादंबरीत आली आणि तिच्याच सोबतीला त्या कादंबरीत पोलिसांचे गुणगान करणारी एक काल्पनिक दूरचित्रवाणीमालाही आली. जी दोन चित्रे वस्तुतः एकाच काळाची होती त्यांची एकत्र भेट अशा रीतीने कल्पितातच झाली. इतिहासकारास ती आपल्या साधनांच्या आधारे घडवून आणावी लागते.